मातीतील सूत्रकृमी : बर्फ, वाळवंट आणि आपले शेत

(जागतिक मृदा दिनानिमित्त शेतकरी व कृषी विद्यार्थी यांच्या संयुक्त मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मातीविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्यासमोर प्रथम येतात ते तिचे रंग आणि पोत. काळी, तांबडी, मुरमाड, चोपण, खारवट अशी तिची नावे आपल्या तोंडी असतात. त्यानंतर आठवतात नत्र, स्फुरद आणि पालाश. मातीतील सजीवांचे नाव निघालेच तर आपण गांडुळापाशी थांबतो. आज मी आपले लक्ष ज्या जीवाकडे वेधणार आहे, तो गांडुळाहून कितीतरी लहान आणि संख्येने कितीतरी अधिक आहे. त्याला शास्त्रीय मराठीत सूत्रकृमी म्हणतात. सुतासारखा बारीक, दोन्ही टोकांना निमुळता, पारदर्शक आणि बहुधा एक मिलिमीटरही लांब नसलेला हा जीव नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. शेतकऱ्याला त्याचा परिचय होतो तो टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या मुळांवर गाठी दिसू लागल्यावर, म्हणजे शत्रू म्हणूनच. हा परिचय खोटा नाही. परंतु तो अर्धवट आहे. या अर्धवट ओळखीपायी आपण मातीचे जे नुकसान करून घेतो, ते टळावे म्हणून आजचा विषय निवडला आहे.

वाफशात राहणारा जीव

सूत्रकृमी राहतो मातीत, पण खऱ्या अर्थाने तो जलचर आहे. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्यात तो पोहतो, खातो आणि प्रजा वाढवितो. मातीच्या पोकळ्यांत पाणीच पाणी झाले तर त्याला प्राणवायू कमी पडतो. माती पार कोरडी झाली तर त्याची हालचाल थांबते. पाणी आणि हवा यांचा जो मेळ पिकाच्या मुळांना मानवतो, तोच त्यालाही मानवतो. आपल्या शेतकऱ्यांनी या मेळाला ‘वाफसा’ असा नेमका शब्द दिला आहे. सूत्रकृमी हा वाफशात राहणारा जीव आहे असे म्हटले की त्याच्या राहणीचे निम्मे मर्म सांगून होते.

या जीवाच्या अभ्यासाला शिस्त लावणाऱ्यांत अमेरिकन शास्त्रज्ञ नेथन कॉब यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी दाखवून दिले की सूत्रकृमी आढळत नाही अशी जागा शोधणे हेच कठीण आहे. समुद्राचा तळ, डोंगरमाथे, झाडांच्या साली, प्राण्यांची आतडी, सर्वत्र त्याचा वावर आहे. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, डच वसाहतीतील जावा बेटावर काम करणाऱ्या बेअरमन यांनी मातीतून सूत्रकृमी वेगळे करण्याची एक अत्यंत सोपी रीत प्रसिद्ध केली. विद्यार्थी मित्रांनी ती अवश्य करून पाहावी. एका काचेच्या नरसाळ्याला खाली रबरी नळी जोडून ती चिमट्याने बंद करावयाची. नरसाळ्यात पाणी भरून, मलमलीच्या कापडात सैल बांधलेली मूठभर माती त्यात जेमतेम बुडेल अशी ठेवावयाची. सूत्रकृमी वळवळत कापडातून बाहेर पडतात. त्यांना वर पोहून जाता येत नाही, म्हणून ते हळूहळू तळाशी जमतात. दुसऱ्या दिवशी नळीतील थोडेसे पाणी काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की जिवंत, वळवळणारी अशी एक नगरीच दृष्टीस पडते. चांगल्या बागायती मातीच्या एका मुठीत त्यांची संख्या सहज हजारांत भरते.

पाच पंगती

ही नगरी एकजिनसी नाही. सूत्रकृमीचे तोंड पाहिले की त्याचे अन्न कळते, आणि अन्नावरून त्यांच्या पाच पंगती पडतात. पहिल्या पंगतीत जीवाणू गिळणारे येतात; त्यांचे तोंड साध्या नळीसारखे असते. दुसऱ्या पंगतीत बुरशीच्या तंतूंना बारीक सुई टोचून रस शोषणारे आहेत. तिसऱ्या पंगतीत वनस्पतींची मुळे टोचणारे बसतात. शेतकऱ्याला ठाऊक असलेले तेवढे हेच. चौथ्या पंगतीत इतर सूत्रकृमींची व सूक्ष्म प्राण्यांची शिकार करणारे आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या तोंडात चक्क दात असतात. पाचव्या पंगतीत मिळेल ते खाणारे सर्वभक्षी मोडतात.

पहिल्या दोन पंगती काय काम करतात ते नीट समजून घेतले पाहिजे. आपण शेणखत घालतो, त्यातील नत्र पिकाला थेट मिळत नाही. जीवाणू ते खत कुजवितात आणि त्यातील बराच नत्र स्वतःच्या शरीरात अडकवून ठेवतात. सूत्रकृमी हे जीवाणू खातो. जीवाणूच्या शरीरात कर्बाच्या मानाने नत्राचे प्रमाण मोठे असते, सूत्रकृमीला तेवढ्या नत्राची गरज नसते. उरलेला नत्र तो अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो आणि तो मुळांच्या हाती लागतो. बँकेत अडकलेली ठेव मोकळी करून देणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. शिवाय जीवाणूंना सतत चरत राहिल्याने त्यांची वाढही टवटवीत राहते. गवत कापले की पुन्हा जोमाने फुटते, तसे. अमेरिकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जीवाणुभक्षी सूत्रकृमी असलेल्या मातीत वनस्पतींची वाढ आणि नत्राचे शोषण ते नसलेल्या मातीपेक्षा अधिक वेगाने झाल्याचे दिसून आले.

पृथ्वीवरील वाटणी

पृथ्वीवर असे सूत्रकृमी आहेत तरी किती? हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. २०१९ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून सर्व खंडांतील ६,७५९ मृदा-नमुन्यांच्या आधारे त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सूत्रकृमींची संख्या ४४ या आकड्यावर १९ शून्ये दिल्यावर होईल एवढी असावी आणि त्यांचे एकूण वजन सुमारे ३० कोटी टन भरावे, असा हा अंदाज आहे. जगातील सर्व माणसांच्या एकत्रित वजनाच्या सुमारे चार-पंचमांश इतके हे वजन झाले. जमिनीवरील प्राण्यांची शिरगणती केली, तर दर पाच प्राण्यांपैकी चार सूत्रकृमी निघतील.

याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे त्यांची वाटणी. वनस्पती आणि प्राणी यांची विपुलता उष्ण, दमट प्रदेशांत असते असे आपण शिकलो. सूत्रकृमींच्या बाबतीत चित्र उलट निघाले. सर्वाधिक वाटा, सुमारे ३८ टक्के, उत्तर ध्रुववृत्तालगतच्या थंड प्रदेशांतील मातीत आढळला. समशीतोष्ण प्रदेशांत सुमारे २४ टक्के आणि उष्ण कटिबंधात सुमारे २१ टक्के. कारण उघड आहे. थंडीमुळे तेथे पालापाचोळा पूर्ण कुजत नाही, हजारो वर्षांचा सेंद्रिय कर्ब मातीत साठून राहिला आहे. जेथे कर्ब तेथे जीवाणू आणि बुरशी, आणि जेथे ती तेथे सूत्रकृमी. म्हणजे सूत्रकृमींची संख्या उन्हाळ्या-हिवाळ्यापेक्षाही मातीतील कर्बाच्या साठ्याचा मागोवा घेते. हे सूत्र आपण लक्षात ठेवावे. शेताकडे वळल्यावर ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दक्षिण ध्रुवखंडातील कोरडी खोरी

आता मी आपल्याला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेतो. अंटार्क्टिका खंड जवळजवळ सर्व हिमाच्छादित आहे. परंतु मॅकमर्डो सामुद्रधुनीजवळ काही खोरी अशी आहेत की तेथे बर्फही टिकत नाही. या ‘कोरड्या खोऱ्यां’चे वार्षिक सरासरी तापमान शून्याखाली २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वर्षभरात पडणारे हिम वितळविले तर दहा सेंटिमीटरही पाणी भरणार नाही, आणि त्यातले बरेचसे हिम वितळण्यापूर्वीच वाऱ्याबरोबर उडून जाते. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. माती खारट आहे. झाड, झुडूप, गवताचे पाते, काही नाही. कॅप्टन स्कॉट यांची तुकडी १९०३ मध्ये येथे प्रथम पोहोचली, तेव्हा त्यांना जीवसृष्टीची खूण दिसली नाही. पुढे मंगळावर उतरावयाच्या व्हायकिंग यानांची तयारी चालू असताना मंगळाच्या मातीला पृथ्वीवरील जवळचे उदाहरण म्हणून याच खोऱ्यांतील माती तपासली गेली.

या निर्जीव समजल्या गेलेल्या मातीत सूत्रकृमी नांदत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ डायना वॉल आणि त्यांचे सहकारी रॉस व्हर्जिनिया यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून या मातीचा चिकाटीने अभ्यास केला. २०२४ मध्ये निधन होईपर्यंत डायना वॉल मृदाजीवांच्या बाजूने बोलत राहिल्या; कोरड्या खोऱ्यांपैकी एका खोऱ्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या संशोधनातून दिसलेले चित्र असे. आपल्या शेतातील मातीत सूत्रकृमींच्या कित्येक डझन जाती एकत्र राहतात. तेथे सारा संसार जेमतेम तीन-चार जातींवर उभा आहे. ‘स्कॉटनेमा लिंडसेई’ ही जात सर्वांत कोरड्या आणि खारट मातीत राहते व सूक्ष्मजीव खाते. ‘प्लेक्टस’ आणि ‘युडोरिलेमस’ या प्रजातींतील सूत्रकृमी ओढ्यांच्या काठी, थोड्या ओलसर मातीत असतात. वाघ-सिंहांचे स्थान घेणारा प्राणीच तेथे नाही. अन्नसाखळीच्या शिखरावर बसला आहे तो मिलिमीटरभर लांबीचा कृमी.

एवढी साधी घडण असलेल्या परिसंस्थेचा मोठा लाभ असा की, एक धागा ओढला तर काय उसवते ते स्पष्ट दिसते. आपल्या मातीत शेकडो धाग्यांची वीण असते. तेथे चार धागे. १९८६ ते २००० या काळात ही खोरी काहीशी थंड होत गेली, आणि सूत्रकृमींची संख्या घटू लागली. त्यानंतर २००१-०२ चा उन्हाळा असाधारण उबदार आला. हिमनद्या वितळल्या, ओढ्यांना पूर आले, माती ओली झाली. पाणी हे जीवन, तेव्हा सर्वांचीच भरभराट होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ओलाव्यात राहणारा ‘युडोरिलेमस’ वाढला. कोरडेपणाला सरावलेला ‘स्कॉटनेमा’ मात्र सावरला नाही. १९९३ ते २००५ या बारा वर्षांत त्याची संख्या सुमारे ६५ टक्क्यांनी घटली, आणि या एका जातीच्या घटीमुळे तेथील मातीतील कर्बाचे चलनवलन सुमारे एक-तृतीयांशाने मंदावू शकते, असा हिशोब संशोधकांनी मांडला.

मित्रहो, या घटनेत दोन धडे आहेत. पहिला असा की, परिसरातील बदल ‘चांगला’ की ‘वाईट’ हे कोणाच्या दृष्टीने, हे विचारल्याशिवाय ठरविता येत नाही. दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. जेथे जाती मोजक्या, तेथे एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. विविधता ही मातीची शोभा नव्हे, तो तिचा विमा आहे.

मृत्यूसारखी झोप

अशा प्रदेशात वर्षातील बहुतेक काळ हा जीव काय करतो? तो सुकतो. माती कोरडी होऊ लागली की सूत्रकृमी हळूहळू शरीरातील जवळजवळ सर्व पाणी गमावतो, वेटोळे करून घेतो आणि पेशींमध्ये ‘ट्रेहॅलोज’ नावाची साखर साठवितो. ही साखर पाण्याची जागा घेऊन पेशींची पातळ आवरणे आणि प्रथिने कोसळू देत नाही. या अवस्थेत श्वसन मोजता येत नाही, वाढ होत नाही, वयही थांबल्यासारखे होते. ओलावा मिळाला की काही तासांत तो पुन्हा वळवळू लागतो. अंटार्क्टिकातील वारे या सुकलेल्या कृमींना धुळीबरोबर एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेऊन टाकतात. त्याच खंडातील ‘पॅनाग्रोलेमस’ प्रजातीच्या एका सूत्रकृमीबाबत न्यूझीलंडचे डेव्हिड व्हार्टन यांनी १९९५ मध्ये दाखविले की, त्याच्या पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तरी तो जिवंत राहतो. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत पेशीत बर्फ होणे म्हणजे मृत्यूच.

या झोपेचा शोध नवा नाही. १७४३ मध्ये नीडहॅम या इंग्रज निसर्गाभ्यासकाने गव्हाच्या काळ्या, गाठाळलेल्या दाण्यात पाण्याचा थेंब टाकला, तो आतील कोरडे तंतू हलू लागले. तो गव्हाच्या ओंबीवर येणारा सूत्रकृमी होता. १९४६ मध्ये सुमारे ३९ वर्षे सुकलेल्या अवस्थेत राहिलेले सूत्रकृमी पुन्हा जिवंत झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा तेही नवल वाटले होते. परंतु २०२३ मध्ये आलेल्या वृत्तापुढे हे सारे फिके पडले. ईशान्य सायबेरियातील कोलिमा नदीकाठी, कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे ४० मीटर खोलीवर, खारीच्या जातीच्या प्राण्याच्या प्राचीन बिळातील मातीतून सूत्रकृमी मिळाले. प्रयोगशाळेत ते जागे झाले आणि त्यांनी प्रजाही वाढविली. बिळातील वनस्पतींच्या अवशेषांचे वय किरणोत्सारी कर्बाच्या पद्धतीने सुमारे ४६ हजार वर्षे निघाले. या नव्या जातीला ‘पॅनाग्रोलेमस कोलिमाएन्सिस’ असे नाव देण्यात आले.

खाणीत, खारट सरोवरात, अवकाशात

गोठलेल्या भूमीप्रमाणे तापलेल्या भूमीतही त्याने घर केले आहे. २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत १.३ किलोमीटर खोलीवरील खडकांच्या भेगांतून येणाऱ्या, ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सूत्रकृमीची एक नवी जात सापडली. इतक्या खोलवर केवळ एकपेशीय जीव असतात, ही समजूत त्यामुळे मागे पडली. पाताळात राहणाऱ्या या जीवाला युरोपीय दंतकथेतील सैतानाच्या नावावरून ‘हॅलिसेफॅलोबस मेफिस्टो’ म्हटले गेले. अमेरिकेतील मोनो सरोवर समुद्राच्या सुमारे तिप्पट खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे, त्यात आर्सेनिकचे विषही आहे. तेथे २०१९ मध्ये सूत्रकृमींच्या आठ जाती आढळल्या.

आणखी एक प्रसंग भारतीय मनाला चटका लावणारा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अवकाशयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानात प्रयोगासाठी ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ हे मातीतील सूत्रकृमी नेलेले होते. काही आठवड्यांनी अवशेषांत त्यांच्या डब्या सापडल्या, तेव्हा त्यांतील कृमी जिवंत होते. हाच तो जीव, ज्याच्या ३०२ चेतापेशी आणि प्रत्येक पेशीची वंशावळ शास्त्रज्ञांनी नोंदविली आहे. २००२ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक याच्यावरील संशोधनाला मिळाले.

आता आपल्या शेतात

एवढी सहनशक्ती असलेला जीव शेतात शत्रू म्हणून आला, तर त्याला विषाने निपटून काढण्याची आशा कितपत धरावी, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

आपल्याकडे सर्वाधिक उपद्रव मुळांवर गाठी करणाऱ्या ‘मेलॉइडोगायनी’ प्रजातीचा होतो. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडीवर्गीय भाज्या, हळद, आले, केळी, डाळिंब यांच्यावर तो येतो. यजमान वनस्पतींची संख्या दोन हजारांवर जाते. विदर्भाच्या संत्रापट्ट्यात लिंबूवर्गीय झाडांचा स्वतंत्र सूत्रकृमी आहे, त्याने झाड हळूहळू खंगत जाते. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे पिल्लू मुळाच्या टोकातून आत शिरते, तेथील काही पेशी फुगवून आपले भोजनगृह बनविते आणि मादी झाल्यावर एका जागी बसून काहीशे अंडी घालते. उबदार मातीत ही पिढी महिन्याभरात पुरी होते. टोचलेल्या मुळांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते, म्हणून डाळिंबाच्या मर रोगात या कृमीचा हात अनेकदा असतो.

वर लक्षण दिसते ते एवढेच : झाड दुपारी मलूल होते, पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. शेतकरी ते पाण्याचे किंवा खताचे दुर्भिक्ष समजतो आणि दोन्ही वाढवितो. खर्च वाढतो, रोग राहतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो, मलूल झाड दिसले की आधी एक मूळ उकरून पाहा. गाठी असतील तर मुळाजवळची ओली माती आणि थोडी मुळे पिशवीत घालून, उन्हात न ठेवता, कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडे न्या. द्विदल पिकाच्या मुळांवरील नत्राच्या गाठी वेगळ्या. त्या मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात आणि सहज निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असते, ती निघत नाही.

बागायत वाढली तसा हा उपद्रवही वाढला, हे योगायोगाने झालेले नाही. पूर्वी आपली जमीन उन्हाळ्यात तापत असे, भेगाळत असे, आणि पीकही बदलत असे. आता बारमाही ओलावा, हलकी किंवा मुरमाड जमीन, वर्षानुवर्षे तेच पीक आणि ठिबकखाली एका जागी दाटलेली मुळे अशी सोय आपणच त्याला करून दिली आहे. गाठी असलेली रोपे विकत आणून आपण त्याला गावोगाव पोहोचविलेही आहे.

विषाचा मार्ग आणि त्याची मर्यादा

१९४० च्या दशकात हवाई बेटांवरील अननसाच्या मळ्यांत मातीत धुरी देणाऱ्या रसायनाचा प्रयोग यशस्वी झाला आणि सूत्रकृमींवर रामबाण सापडला असे जगाला वाटले. नंतर ‘डीबीसीपी’ नावाचे औषध केळी, द्राक्षे व लिंबूवर्गीय बागांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. १९७७ मध्ये अमेरिकेत ते तयार करणाऱ्या कामगारांत वंध्यत्व आढळून आले. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतील हजारो मजुरांनी तीच तक्रार केली. भारताने १९८९ मध्ये त्यावर बंदी घातली. दुसरे रसायन ‘मिथिल ब्रोमाइड’ ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारानुसार शेतीतील त्याचा सर्वसाधारण वापर जगभर थांबविण्यात आला.

माणसाला झालेल्या या अपायाखेरीज आणखी एक हानी होते, ती दिसत नाही. धुरी पाचही पंगती एकदम उठविते. काही महिन्यांत माती पुन्हा भरू लागते, पण प्रथम परततात ते झपाट्याने वाढणारे जीवाणुभक्षी आणि, पीक उभे असेल तर, मुळे टोचणारे. शिकारी सूत्रकृमी सावकाश वाढतात, त्यांना परतावयास वर्षे लागतात. नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ बोंगर्स यांनी १९९० मध्ये याच निरीक्षणावरून मातीच्या परिपक्वतेचा निर्देशांक सुचविला. लवकर वसाहत करणाऱ्यांना एक गुण, दीर्घकाळ स्थिर राहणाऱ्यांना पाच. सरासरी जितकी जास्त, तितकी माती निवांत आणि संतुलित. ज्या शेतातून पहारेकरी हाकलले, तेथे चोर पुन्हा आला तर त्याला अडविणार कोण?

मित्रांना हाताशी धरा

मग उपाय काय? उपाय आहेत, ते सावकाश लागू पडतात, पण टिकतात. रोपवाटिकेची माती एप्रिल-मे महिन्यांत ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखाली चार ते सहा आठवडे तापू द्यावी. शेताची उन्हाळी खोल नांगरट करावी. भाजीपाल्यानंतर ज्वारी-बाजरीसारख्या पिकाचा फेरपालट करावा. झेंडू लावावा, परंतु बांधावर चार रोपे लावून भागत नाही. त्याच्या जिवंत मुळांतील द्रव्य काम करते, म्हणून तो शेतात पीक म्हणून काही महिने उभा राहिला पाहिजे. निंबोळी पेंड आणि चांगले कुजलेले शेणखत घालावे. सेंद्रिय द्रव्याने सूत्रकृमींना पकडणाऱ्या बुरशी वाढतात. तंतूंचे जाळे विणून सूत्रकृमी अडकविणारी अशी बुरशी १८८८ मध्येच जर्मन शास्त्रज्ञ झॉफ यांनी पाहिली होती.

आणि सूत्रकृमीच सूत्रकृमीच्या बदनामीचे परिमार्जन करतो, तेही सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला हुमणीची धास्ती असते. काही सूत्रकृमी कीटकांच्या अळीत शिरतात, पोटातील सहचर जीवाणू तिच्या रक्तात सोडतात आणि एक-दोन दिवसांत अळी मरते. तिच्या कलेवरातून हजारो नवी पिल्ले बाहेर पडून दुसरी अळी शोधू लागतात. दक्षिण भारतात सापडलेली ‘हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ ही जात १९९२ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ती भुकटीच्या रूपात वापरण्याची पद्धती विकसित केली आहे. मात्र हाही वाफशात राहणारा जीव आहे. कोरड्या मातीत, भर दुपारी टाकला तर तो वाया जातो. पहिल्या पावसानंतर हुमणी लहान असताना, सायंकाळी, ओल्या मातीत दिला तरच त्याचे काम दिसते.

मातीचे जिवंतपण मोजू या

शेवटी एक सूचना. देशात २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते. तिच्यात मुख्य, दुय्यम व सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा निकष मोजले जातात. ही मोठी सोय आहे. तथापि, मातीतील जिवंतपणाचा एकही थेट निकष त्यात नाही. सूत्रकृमी सर्वत्र आहेत, थोड्या उपकरणांत मोजता येतात आणि त्यांच्या पाच पंगतींच्या प्रमाणातून मातीचे हाल समजतात. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील निवडक शेते ठरवून, खरीप आणि रब्बी अशा दोन्ही हंगामांत, वर्षानुवर्षे ही मोजणी केली, तर दहा वर्षांत महाराष्ट्राच्या मातीचे असे दफ्तर तयार होईल की त्याचे मोल कोणत्याही अनुदानाहून कमी ठरणार नाही. त्यासाठी लागते एक नरसाळे, एक सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी.

कोरड्या खोऱ्यांत एक जात घटली तर मातीचे चक्र मंदावते, हे आपण पाहिले. आपल्या मातीत अजून पुष्कळ धागे शिल्लक आहेत. पण कर्ब घटत गेला, पीक एकच राहिले, आणि वरून विष ओतत गेलो, तर आपणही आपल्या सुपीक जमिनीला चार धाग्यांवर आणून ठेवू. अंटार्क्टिकाच्या मातीला ती गरिबी निसर्गाने दिली. आपण ती स्वतःच्या हाताने ओढवून घेऊ नये. जे सूत्रकृमी ४६ हजार वर्षे गोठून राहूनही जागे होऊ शकतात, त्यांच्या वंशाची काळजी करण्याचे आपल्याला कारण नाही. काळजी करावयाची आहे ती त्यांच्यातील ज्या मित्रांवर आपल्या पुढच्या पिढीचे अन्न अवलंबून आहे, त्यांची. शेणखताची एक गाडी, पिकाचा एक फेरपालट आणि मूळ उकरून पाहण्याची सवय, एवढ्यापासून आरंभ करता येईल.